सपाट वहाणेची चौकशी

मराठीत ‘चांभारचौकशी’ असा एक शब्द आहे. नको तिथे नाक खुपसून विचारलेला निरर्थक प्रश्न, असा त्याचा अर्थ शब्दकोश आणि घरातली वडीलधारी माणसे सारख्याच सहजतेने सांगतात. त्याच्या शेजारी ‘चांभाराची नजर जोड्यावर’ आणि ‘चांभाराच्या देवाला खेटराची पूजा’ या म्हणी आहेत. आणि या सर्वांची थोरली बहीण म्हणजे ‘पायातली वहाण पायातच बरी’. ही म्हण वहाणेविषयी नाही, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. ती बाईविषयी आहे, गड्याविषयी आहे, गावकुसाबाहेरच्या माणसाविषयी आहे. ज्या भाषेने वहाण हे माणसाला त्याच्या जागी ठेवण्याचे माप केले, त्या भाषेत वहाणेच्या सौंदर्याविषयी कोणी लिहू लागला, तर आधी त्या भाषेचीच झडती घ्यावी लागते.

असे लेखन अलीकडे मराठीत पुष्कळ झाले. निमित्त इटलीतल्या मिलान शहराचे. २२ जून २०२५ रोजी तिथे ‘प्राडा’ या कंपनीने २०२६ च्या उन्हाळ्यासाठीचे पुरुषांचे कपडे दाखवले. त्यात सपाट चामडी चपला होत्या. त्या पाहताच कोणीही मराठी माणूस ‘कोल्हापुरी’ म्हणाला असता. कंपनीने मात्र त्यांना नुसत्या ‘चामड्याच्या सँडल’ म्हटले. मग इकडे संताप झाला, अग्रलेख झाले, अस्मिता जागी झाली. हे लेखन मी केनवडला बसून वाचले. त्यात मला दोन सूर सापडले. एक अभिमानाचा : आमची चप्पल जगात गेली. दुसरा रागाचा : आमची चप्पल चोरली. दोन्ही सुरांत ‘आमची’ हा शब्द आहे आणि तो कोणीच तपासलेला नाही. तो तपासणे यालाच जर चांभारचौकशी म्हणत असतील, तर शिवी म्हणून मी हा शब्द नाकारतो आणि समीक्षेची पद्धत म्हणून स्वीकारतो. कोणी शिवली, कातडे कोठून आले, शिवणाऱ्याला किती मिळाले, तिचे नाव कोणी ठेवले, असे प्रश्न ज्यांना फालतू वाटतात त्यांच्यासाठी हा लेख नाही.

१

सपाट जोड्याविषयी जगाच्या बाजारात एक सिद्धान्त रूढ आहे. टाच म्हणजे दिमाख, सपाट तळ म्हणजे साधेपणा आणि मोकळेपणा. हा सिद्धान्त युरोपच्या इतिहासातून आला आहे आणि तिथे त्याला आधारही आहे. सतराव्या शतकात फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात लाल टाचेचा जोडा ही दरबारी उमरावांची खूण होती. माणूस किती उंच हे त्याची टाच सांगत असे. अठराव्या शतकात मारी कामार्गो या पॅरिसच्या नर्तकीने उड्या घेता याव्यात म्हणून बिनटाचेचा जोडा वापरला, असे नृत्याचा इतिहास सांगतो. १७८९ च्या क्रांतीनंतर टाचच खाली आली. उमरावांची खूण पायात घेऊन हिंडणे धोक्याचे झाले आणि सपाट जोडा रूढ झाला.

विसाव्या शतकात हाच जोडा नाचघरातून रस्त्यावर आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, अमेरिकेत चामडी जोड्यांवर रेशनिंग होते. नृत्याचे जोडे त्यातून सुटले होते. तेव्हा क्लेअर मॅकार्डेल या वस्त्रकर्तीने कॅपेझिओ या नृत्याचे जोडे करणाऱ्या घराकडून त्याच जोड्याला रस्त्यावर टिकेल असा तळ लावून घेतला. पॅरिसमध्ये रोझ रेपेटो यांनी १९४७ पासून नर्तकांसाठी जोडे केले आणि १९५६ साली ब्रिजित बार्दो या नटीसाठी रस्त्यावर घालायचा तसाच जोडा करून दिला. चवडा झाकणारा, पुढून गोल, वर फितीची बारीक गाठ आणि टाच नाही, असा तो ‘बॅले’ जोडा.

या इतिहासात दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली ही, की तिथे सपाट होणे म्हणजे आधी असलेली उंची सोडणे. ज्याच्याकडे टाच होती त्याने ती उतरवली. दुसरी ही, की तिथे जोडा करणाऱ्यांपैकी काहींना तरी नाव मिळाले. कॅपेझिओ, रेपेटो, फेरागामो. साल्वातोरे फेरागामो हा दक्षिण इटलीतल्या बोनितो या खेड्यातला, १८९८ साली जन्मलेला मुलगा. त्याच्या घरच्यांनाही जोडे शिवणे हलके काम वाटे. पुढे जगातल्या नामांकित नट्या त्याच्याकडून जोडे करवून घेऊ लागल्या. तिथल्या कारखान्यातल्या मजुराचे नाव आजही जोड्यावर नसते, हे खरे. परंतु जोडा शिवला म्हणून त्याचा नातू विहिरीवर पाणी भरायला अपात्र ठरला नाही.

२

हा सिद्धान्त आपल्याकडे आणला की तो मोडतो. कारण आपल्याकडे टाच नव्हतीच. सरदाराचा जोडा सपाट आणि शेतकऱ्याची वहाणही सपाट. सावकाराची मोजडी सपाट, शेतमजुराचे खेटरही सपाट. सगळ्या पायांखाली सारखाच सपाट तळ असलेला हा समाज जगातल्या सर्वांत खोल उतरंडींपैकी एक उभी करून बसला होता. तेव्हा सपाटपणाचा समतेशी संबंध जोडणारे सौंदर्यशास्त्र आपल्या कामाचे नाही.

आपली उतरंड टाचेत नव्हती. वहाण कोणी घालावी, कोणाच्या दारावरून जाताना ती हातात घ्यावी, ती कोणी शिवावी आणि शिवणाऱ्याला कोणी शिवू नये, या नियमांत ती होती. ‘शिवणे’ या एकाच मराठी क्रियापदाचे हे दोन अर्थ कोशात शेजारी राहतात. त्यांतला एक अर्थ ज्याचा धंदा, त्याला दुसऱ्या अर्थाची बंदी.

हे सगळे जुने झाले असे म्हणणाऱ्यांना तारखा सांगाव्या लागतात. जून २०१८ मध्ये गुजरातेतल्या मेहसाणा जिल्ह्यात १३ वर्षांच्या दलित मुलाला मारहाण झाली. त्याने मोजडी घातली होती. मोजडी म्हणजे सपाट, चवडा झाकणारा जोडा. पॅरिसच्या बॅले जोड्याची जवळची नातेवाईकच म्हणा. तिकडे तो जोडा नटीच्या पायात आला तेव्हा फॅशन झाली, इकडे दलित मुलाच्या पायात आला तेव्हा गुन्हा झाला. डिसेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुप्पूर जिल्ह्यातील राजावूर गावात सुमारे ६० दलित पायात चपला घालून एका गल्लीतून चालत गेले. चपला घालून चालणे ही बातमी झाली, कारण तोवर त्यांना त्या गल्लीत पायात चपला ठेवता येत नव्हत्या. आणि ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात, आमच्याच वऱ्हाडातल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीशांच्या आसनावर असताना, एका वकिलाने त्यांच्या दिशेने जोडा फेकण्याचा प्रयत्न केला. त्याने कारण काहीही सांगितलेले असो, त्याच्या हाताला सुचलेले हत्यार जोडाच होते. म्हणी पुस्तकात राहत नाहीत, त्या हातात उतरतात.

३

आता साहित्याकडे वळू. आमच्या पवित्र साहित्यात पादत्राणाला केवढा मान आहे! रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून भरताने १४ वर्षे राज्य चालवले. संतांच्या पादुका पालखीत बसून पंढरीला जातात. पादुका लाकडाच्या असोत वा चांदीच्या. चामड्याच्या वहाणेला मात्र पालखी नाही. ती देवळाच्या पायरीशी काढायची आणि ती शिवणाऱ्यानेही शतकानुशतके तिच्याच शेजारी उभे राहायचे. प्रस्थापित ललित निबंधात वहाण येते ती देवळाबाहेर हरवण्यासाठी आणि लग्नात बदलली जाण्यासाठी. गंमत हरवणाऱ्याची आहे. ज्याने ती केली तो निबंधात यायला वहाण हरवावी लागत नाही, तो मुळातच हरवलेला आहे.

याला एक मोठा अपवाद मराठीच्या सीमेवर, बसवकल्याणला आहे. बाराव्या शतकातील शरण परंपरा सांगते, की हरळय्या आणि कल्याणम्मा या चर्मकार दाम्पत्याने स्वतःच्या मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी वहाणा केल्या. बसवण्णांनी त्या पायात घातल्या नाहीत, मस्तकी धरल्या. पुढे हरळय्याच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीशी झाला आणि बिज्जल राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला. गिरीश कार्नाड यांचे ‘तलेदंड’ (१९९०) हे नाटक याच काळावर उभे आहे. या कथेतले अद्भुत बाजूला ठेवा. उरते ते असे : आपल्या मुलखात एका वहाणेला तिच्या कर्त्याचे नाव लागले. ते लागण्यासाठी त्याला आधी कातडे आणि मग डोके द्यावे लागले.

दलित साहित्य आले तेव्हा प्रथमच वहाण खालून दिसली. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मेलेल्या ढोराचे काम वाट्याला आलेला महारवाडा आहे. माधव कोंडविलकरांच्या ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’मध्ये (१९७९) चर्मकार समाजात जन्मलेला शिक्षक आपली दैनंदिनी लिहितो. ही दोन पुस्तके वेगवेगळी वाचली जातात. मला ती एकाच वहाणेची दोन टोके वाटतात. मेलेले जनावर महाराने ओढायचे, कातडे ढोराने चुन्याच्या पाण्यात घालून हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमवायचे, आणि आरी-रापी घेऊन चांभाराने ते शिवायचे. एका वहाणेत तीन जाती आहेत. आणि त्या तीन जातींतही एकमेकींत उतरंड आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिसंहारा’च्या लेखी भाषणात लिहिले, की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. हे विधान ज्याला अमूर्त वाटते त्याने वहाण उलटी करून पाहावी.

शरद पाटील यांनी १९८८ साली अब्राह्मणी साहित्याच्या आणि शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची मांडणी केली. केवळ आनंद देते म्हणून कलाकृती सुंदर, हा निकष दलित साहित्याला पुरत नाही, असा लिंबाळ्यांचा आग्रह होता. तोच आग्रह मी वस्तूंच्या बाबतीत धरतो. वहाणेचे सौंदर्य घालणाऱ्याच्या पायावरून ठरवणे ही अर्धी समीक्षा आहे. करणाऱ्याच्या हातावरून ते ठरवल्याशिवाय ती पुरी होत नाही.

४

या निकषावर मिलानचा प्रकार तपासू. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. ते दोन शासकीय महामंडळांच्या नावे आहे : महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ. नकलेविरुद्ध हे मानांकन उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु त्याचे नावच ‘भौगोलिक’ आहे. ते माती ओळखते, हात ओळखत नाही. चपलेच्या प्रकारांची नावे पाहा. कापशी हे कागल तालुक्यातल्या गावाचे नाव, कोल्हापुरी हे शहराचे नाव. नाव गावाचे आणि हात गावकुसाबाहेरचे! गावाने ज्यांना आत घेतले नाही, त्यांच्या कामावर गावाने आपले नाव मात्र घातले. मिलानच्या कंपनीने कोल्हापूरचे नाव वगळले, म्हणून आपण रागावलो. कोल्हापूरने कोणाचे नाव वगळले होते, हे विचारायला आपल्याला मिलानची वाट का पाहावी लागली?

टीका झाल्यावर कंपनीने महाराष्ट्राच्या व्यापारी मंडळाला पत्र लिहून भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. जुलैत तिची माणसे कोल्हापूरला येऊन गेली. उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका त्याच महिन्यात फेटाळली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने या दोन्ही महामंडळांशी करार केला : दोन्ही राज्यांत २,००० जोड करून घ्यायचे, किंमत प्रत्येकी सुमारे ८०० युरो, शिवाय कारागिरांना प्रशिक्षण. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हे कौशल्य जपले त्यांना प्रशिक्षण! तरीही मी या कराराला नावे ठेवणार नाही. कारागिराच्या हाती चार पैसे अधिक येत असतील तर त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार पोट भरलेल्या टीकाकाराला नाही. मात्र हिशेब मागण्याचा अधिकार सर्वांना आहे. ८०० युरोंपैकी आरी चालवणाऱ्याला किती? पट्ट्याची वेणी घालणाऱ्या, नक्षी टोचणाऱ्या बायकांना किती? त्यांचे नाव कोणत्या कागदावर?

दुसरीही एक गोष्ट अग्रलेखांनी सोयीस्करपणे टाळली. ही चप्पल खिळ्याशिवाय, चामड्याच्या वादीने शिवली जाते आणि तिला जाड, झाडपाल्याने कमावलेले कातडे लागते. २०१५ च्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. कातड्याचा पुरवठा घटला आणि कातडे घेऊन जाणाऱ्याच्या मनात भीती बसली. कातड्याला अपवित्र मानायचे, ते मिळण्याची वाट अरुंद करायची, आणि मग त्याच कातड्याच्या चपलेला ‘वारसा’ म्हणून ओवाळायचे, या तिन्ही गोष्टी एकाच तोंडाने चालल्या आहेत.

५

आमचे केनवड त्या आठ जिल्ह्यांत नाही. ते वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात आहे. इथे काळी माती, सोयाबीन, तूर. पावसाळ्यात वहाण मातीत रुतते आणि पाय वर येतो. आमच्या भागातला चर्मकार कुणब्याची वहाण आणि विहिरीवरची चामड्याची मोट शिवून देई आणि खळ्यावर धान्य घेई. इंजिने आणि विजेचे पंप आले तशी मोट गेली, प्लॅस्टिक आले तशी वहाण गेली, आणि मोटेबरोबर खळ्यावरचे धान्यही गेले. या चर्मकाराला ना मानांकन, ना मिलान. त्याच्या वहाणेला कोणी कधी ‘केनवडी’ म्हटले नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो आपल्यांतच वादाचा आहे. काही मित्र म्हणतात, चामड्याची कला ही आपली संस्कृती आहे, तिचा अभिमान धरा. काही म्हणतात, जातीने लादलेला धंदा मोडीत निघाला तर रडता कशाला? मी ज्या समाजात जन्मलो त्याने मेलेली ढोरे ओढणे सोडले आणि त्यासाठी गावोगाव बहिष्कार सोसला. तेव्हा दुसऱ्या मताकडे माझा ओढा आहे हे लपवत नाही. परंतु ओढा म्हणजे निर्णय नव्हे. शेजारच्या समाजाने आपले कसब फेकून द्यावे, असे मी घरी बसून सांगणे हीसुद्धा एक प्रकारची पाटिलकीच होईल.

मला कसब आणि जात वेगळी करायची आहेत. कसबाला नाव हवे, दाम हवा, आणि ते ज्याला शिकायचे त्या कोणालाही शिकता यायला हवे. ब्राह्मणाच्या मुलाने रापी हाती घेतली आणि चर्मकाराच्या मुलीने ती खाली ठेवली, तरी दोन्ही गोष्टी सारख्याच स्वाभाविक वाटल्या पाहिजेत. आज चित्र उलटे आहे. चपलेचा आराखडा करणारा, निर्यात करणारा, तिच्यावर प्रबंध लिहिणारा कोणत्याही जातीचा असू शकतो. तिच्यासमोर मांडी घालून बसणारा मात्र बहुधा त्याच घरातला असतो. ‘वारसा टिकला पाहिजे’ या घोषणेचा अर्थ ‘चर्मकाराच्या पोराने तिथेच बसले पाहिजे’ असा होत असेल, तर ती पायातल्या वहाणेची म्हणच नव्या कपड्यात आली असे म्हणावे लागेल.

आता शेवटची वस्तू. आठवडी बाजारात, तालुक्याच्या दुकानांत, मुली ‘बेली’ मागतात. चवडा झाकणारी, सपाट, वर फितीची गाठ. हे ‘बॅले’चेच बोलीतले रूप दिसते. पॅरिसच्या नाचघरापासून रिसोडच्या दुकानापर्यंत आलेला हा जोडा चामड्याचाही नाही. रेक्झिन आणि सोल्युशनचा आहे, एका पावसाळ्यात उकलतो. सौंदर्याचे जाणकार त्याला नकली म्हणतील. पण ज्या मुलींच्या आज्या वाड्यासमोरून जाताना वहाणा हातात घेत, त्या मुली ही बेली घालून बौद्धवाड्यातून निघतात, त्याच रस्त्याने कॉलेजच्या गाडीपर्यंत जातात आणि कोठेही वाकून ती काढत नाहीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आमच्या बायकांना लुगडे घोट्यापर्यंत नेसायला सांगितले होते. पोशाख हा त्यांना शोभेचा प्रश्न वाटत नव्हता, माणूसपणाचा वाटत होता. त्या अर्थाने वाचली तर ही नकली बेली मिलानच्या अस्सल चपलेपेक्षा अधिक अर्थपूर्ण कृती आहे.

तरीही चौकशी इथे थांबत नाही. ही बेली कोणी चिकटवली? आग्र्याच्या जोड्यांच्या धंद्यात जाटव समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहेत. अशाच कोणत्या तरी गल्लीत, सोल्युशनच्या वासात बसलेल्या मुलीने ती चिकटवली असेल, तर केनवडच्या मुलीचे ताठ चालणे त्या मुलीच्या वाकण्यावर उभे आहे. आपल्या साहित्याने या दोघींना अजून एका पानावर आणलेले नाही. घालणारीची कविता आपण लिहिली. चिकटवणारीची कथा बाकी आहे. ती लिहिली जाईपर्यंत, तळ सपाट आहे एवढ्यावरून कोणी समतेची ग्वाही देऊ नये.